शिकाऱ्याला पूक्को द्यायचाय? मग ऑगस्टपासून लागा तयारीला

फिनलंडच्या बहुतेक भागात मूसची, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या हरणाची, शिकार ऑक्टोबरात सुरू होते. पूक्को, म्हणजे फिन माणसाची कमरेची सुरी, भेट द्यायची असेल तर ती त्याआधी हातात पडायला हवी, म्हणजे निदान दोन-चार आठवडे माणसाला तिची सवय होते. इथे साधारण ५५ लाख वस्तीत जवळपास ३ लाख लोक दरवर्षी शिकारीचं शुल्क भरतात. त्यामुळे ऑफिसात, शेजारात, मुलांच्या मित्रांच्या घरी कुणी ना कुणी शिकारी निघतोच. ज्या शेजाऱ्याने हिवाळाभर आपल्याला मूसचं मटण आणून दिलं, त्याच्या साठीला काय द्यायचं हा प्रश्न इथल्या मराठी घरांत आता नवा राहिलेला नाही. अशी सुरी भेट देणं हा इथे मान करणं समजतात, म्हणून ती निवडताना मनापासून वेळ द्या.

दुकानात जाण्याआधी माणूस नीट बघून घ्या. शिकारीच्या क्लबात त्याच्याकडे कुठलं काम असतं, हे त्याच्या बायकोला किंवा शिकारीतल्या जोडीदारांना विचारता येतं. पोट फाडून आतडी काढण्याचं काम असेल तर सुरी वेगळी, कातडं सोलण्याचं असेल तर वेगळी. तो डावरा आहे का? पंजा मोठा आहे की लहान? त्याच्या हातमोज्याचा नंबर कळला तर फारच उत्तम. त्याची जुनी सुरी बघायला मिळाली तर ती दहा दुकानदारांपेक्षा जास्त सांगेल: मूठ कुठे झिजलीय, पात्याचा कुठला भाग सहाणेवर घासून घासून बारीक झालाय, ते बघा. मी पहिल्यांदा दिलेला पूक्को रेनडियरच्या शिंगाच्या मुठीचा, पात्यावर नक्षी असलेला होता. शेजाऱ्याने तो फार प्रेमाने घेतला आणि दिवाणखान्यात भिंतीवर लावला. आठ वर्षांत तो एकदाही जंगलात गेला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. काउहावा गावची घोड्याच्या डोक्याची मूठ असलेली सुरीही तशीच, बघत राहावी अशी, पण ती समारंभाची. रक्ताने, चरबीने माखलेल्या हाताला ती नको.

पात्याची लांबी ९ ते १० सेंटिमीटर पुरे. मूस ५०० किलोपर्यंत भरू शकतो, म्हणून सुरीही मोठी हवी असं आपल्याला वाटतं, पण होतं नेमकं उलटं. पोटाची कातडी कापताना धार वर ठेवून टोकाच्या दोन्ही बाजूंना बोटं लावतात. पातं लांब असलं की टोक आत कुठे गेलं ते कळत नाही, आतडं किंवा मूत्राशय फुटतं आणि मांस नासतं. सोलण्यासाठी टोकाकडे थोडं पोट सुटलेलं, गोलाई असलेलं पातं घ्या. हाडासाठी करवत वेगळी असते, तो भार सुरीवर टाकायचा नाही.

मुठीवर मात्र वेळ घालवा. आपल्याकडच्या विळ्याची शेपटी जशी लाकडी मुठीतून आरपार जाते आणि मागे वळवून ठोकलेली असते, तशीच जुन्या पद्धतीच्या पूक्कोची शेपटी मुठीतून जाते आणि मागच्या टोपीवर ठोकून बसवतात. गावाकडे विळा घेताना आजी मूठ धरून पातं हलवून बघायची, टक् असा आवाज आला की परत ठेवायची. इथेही तेच करा. काही सुऱ्यांत पोलाद मुठीच्या कडेने दिसतं आणि वर दोन फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. त्या भक्कम असतात हे खरं, पण उणे तापमानात मोजे काढून काम करताना तेच उघडं पोलाद बोटांना चटका देतं. म्हणून मी लाकूड किंवा बर्चची साल सुचवेन. सालीचे तुकडे एकावर एक दाबून केलेली मूठ ओली झाली तरी निसटत नाही आणि हाताला उबदार लागते. विसाकोइवू, म्हणजे गाठीगाठींच्या रेषा असलेलं बर्चचं लाकूड, जास्त देखणं आणि जास्त महाग. जुन्या पूक्कोला बोट अडवायला काही नसतं. शिकारीसाठी द्यायचा तर पात्याजवळ मूठ थोडी फुगीर हवी किंवा लहानसा अडसर हवा, कारण चरबीने माखलेला हात पुढे सरकतो.

पोलादाबद्दल दुकानदार तासभर बोलतील. तुम्ही एवढंच ठरवा की हा माणूस सुरी पुसून ठेवणारा आहे की नाही. असेल तर कार्बन पोलाद घ्या, धार पटकन लागते आणि काळानुरूप पात्यावर करडी झाक चढते, ती इथल्या लोकांना आवडते. नसेल तर गंज न लागणारं. पाणी दिलेल्या पात्याचा कडकपणा रॉकवेल मापावर ५८ ते ६० च्या आसपास असला की काम होतं. त्याहून फार कडक पातं हाडाला लागलं की धार तुटू शकते. पूक्कोच्या पात्याची उतरण रुंद आणि सपाट असते, ती सहाणेवर पूर्ण टेकवून घासली की झालं, कोन शोधत बसावं लागत नाही.

कुठल्या कारखान्याचा घ्यायचा? रोवानिएमीचं मार्तीनी १९२८ पासूनचं आहे, काउहावातलं ईसाक्की यार्वेनपा १८७९ पासूनचं. गावात एखादा लोहार पूक्को घडवत असेल तर आधी त्याच्याकडे जा, पण त्याला महिना-दोन महिने लागतात हे धरून चला. स्वीडनची मोरा सुरी वीसेक युरोंत मिळते आणि कामाला उत्तम असते. खिसा हलका असेल तर बेधडक ती द्या.

म्यान हातात घेऊन उलटं करा. सुरी पडता कामा नये. पूक्को म्यानात अर्ध्या मुठीपर्यंत बुडतो, म्हणून तो बंद-बटणाशिवायही टिकतो. आत लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा साचा आहे ना, बघा. नसेल तर खाली बसताना टोक कातडं फोडून मांडीत शिरू शकतं.

नाव कोरून घेणार असाल तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि त्याच्या घरच्यांकडून तपासून घ्या. फिनिश अक्षरांवरचे दोन ठिपके विसरले तर नाव बदलतं, आपल्या अनुस्वारासारखंच. कोरलेलं पुसता येत नाही. सोबत लहान सहाण आणि पात्याला लावायचं तेल ठेवा. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको, ते चिकट होतं. सुरी डिशवॉशरमध्ये घालायची नाही आणि कायम म्यानात ठेवायची नाही, कातडं ओल धरून ठेवतं. हे शिकाऱ्याला सांगायची गरज नसते, पण घरातल्या बाकीच्यांना सांगा.

न्यायच्या दिवशी खोक्यात, कागदात बांधून पिशवीत ठेवा. फिनलंडमध्ये योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी सुरी बाळगायला कायद्याने मनाई आहे, बसमध्ये कमरेला लावून जाऊ नका. विमानाने जायचं असेल तर ती चेक-इन बॅगेत.

देताना मूठ त्याच्याकडे करा. कात्री हातात न देता खाली ठेवायची, नाहीतर भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. इथेही सुरीने मैत्री कापली जाऊ नये म्हणून घेणारा एक नाणं परत देतो. फिनलंडमध्ये १ आणि २ सेंटची नाणी व्यवहारात वापरत नाहीत, तेव्हा बहुधा ५ सेंट मिळतील. ‘कशाला, राहू दे’ असं म्हणू नका. हात पुढे करा आणि नाणं घ्या.