गॅसचा वास आला तर आधी काय करायचं

शेगडी दुरुस्तीला घरोघरी जातो, तेव्हा काही घरांत गॅसचा वास घालवायला उदबत्ती लावलेली दिसते. कृपा करून असं करू नका. गळती असेल तर ती उदबत्तीच घात करते, शिवाय आपल्याला सावध करणारा वासही झाकला जातो.

एलपीजीला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. गंधकाचं हे संयुग सडक्या कोबीसारखं घाण मारतं आणि हवेत अगदी नावापुरतं असलं तरी नाकाला कळतं. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेखाली बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, जवळपास ३०० जीव गेले. त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला.

मरकॅप्टनं खनिज तेलात असतात, सडणाऱ्या मांसातूनही निघतात. म्हणून तर कॅलिफोर्नियात फुटलेल्या गॅसवाहिनीवर गिधाडं घिरट्या घालायची आणि कामगारांना गळतीची जागा सापडायची. उसातल्या हुमणी अळीसाठी वापरायचे ते थायमेट हे कीटकनाशकही (आता त्यावर बंदी आहे) इथाइल मरकॅप्टनपासूनच बनायचं.

तर वास आला की शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा. रेग्युलेटर काढून टाकीला दोरीने बांधलेली टोपी तोंडावर घट्ट बसवा. दारं-खिडक्या सताड उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे दार उघडणं जास्त महत्त्वाचं. लाइटचं बटण, एग्झॉस्ट फॅन, कशालाच हात लावू नका, चालू असेल ते चालूच राहू द्या. फ्रीज आपोआप सुरू होतो आणि ठिणगी पडू शकते, म्हणून मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथूनच बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. नाकाला सवय होते. शेजाऱ्यांना विचारा.

नवी टाकी आली की डिलिव्हरीवाल्यासमोरच टोपी काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला, तर आतला व्हॉल्व्ह गळतोय असं समजा. मग ती टाकी घेऊच नका. पाइपच्या दोन्ही टोकांनाही फेस लावून बघा. पाइपवर छापलेली मुदत टळली असेल, तर तो चांगला दिसत असला तरी बदला.

टाकी संपत आली की वास वाढतो, कारण मरकॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतं आणि तळाशी जास्त उरतं. पण तेव्हाही आधी फेस लावून बघा, मगच टाकी संपत आली म्हणा.