ई-बीमचा स्लॉट मिळालाय? मग हिशोब गावाकडंच करून जा

संभाजीनगर-नांदेडकडून आयएनयूपीतून (बाहेरच्या संशोधकांना नॅनो-लॅब वापरू देणारी सरकारी योजना) आयआयटी मुंबईला ई-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या बारीक झोतानं सूक्ष्म नक्षी लिहिणं) करायला जाणार असाल तर देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायच्या आधी एक गुणाकार करा, काहून की मशीनवर बसल्यावर विचार करायला वेळ भेटत नाही.

डोस (दर चौरस सेंटिमीटरला द्यायचा विद्युतभार) गुणिले एरिया, भागिले झोताचा करंट म्हणजे वेळ. पीएमएमएला (सॅम्पलवरचा प्लास्टिकचा थर, म्हणजे रेझिस्ट; झोत पडला तिथं तो डेव्हलपरमध्ये विरघळतो) 30 केव्हीवर (किलोव्होल्ट) साधारण 300 मायक्रोकुलॉम प्रति चौरस सेंटिमीटर धरा, करंट 100 पिकोअँपिअर, तर 100 बाय 100 मायक्रॉनचा चौकोन 5 मिनिटांत होतो. तेच 1 बाय 1 मिलिमीटर करायला गेलात की 8 तास 20 मिनिटं! म्हणून नॅनोवायर कमी करंटनं लिहा आणि तारा जोडायचे मोठे पॅड जास्त करंटनं, खरं तर पॅडला फोटोलिथोग्राफीच (प्रकाशानं एकदम छापणं) बरी.

सिलिकॉनचा तुकडा अॅसिटोन, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन तापवून घ्या, ओलावा राहिला की रेझिस्ट नीट चिकटत नाही. 950के ए4 पीएमएमए (रेणुभार 950 हजार, द्रावण 4 टक्के) टाकून 4000 आरपीएमला फिरवा, 200 नॅनोमीटरच्या आसपास थर येतो, मग 180 डिग्रीच्या हॉटप्लेटवर दीड मिनिट. काचेवर करणार असाल तर वरून कंडक्टिंग थर पाहिजेच, नाहीतर चार्जिंगनं पॅटर्न सरकतो.

आता सगळ्यात नाजूक काम, फोकस. कोपऱ्यात एक ओरखडा मारून ठेवा अन् फोकस, स्टिग्मेशन (झोत नीट गोल करणं) तिथंच करा, लिहायच्या जागेवर बीम नेऊन "बघू जरा" केलं की तेवढा रेझिस्ट एक्स्पोज झालाच समजा. फॅराडे कपात (झोताचा करंट मोजायची वाटी) करंट लिहायच्या अगोदर मोजा, मागच्या माणसाच्या नोंदीवर जाऊ नका.

पहिल्या सॅम्पलवर फक्त डोस टेस्ट, 200 पासून 500 मायक्रोकुलॉम प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत. एकटी रेघ आणि दाट रेघा दोन्ही ठेवा, कारण सिलिकॉनमधून उलटे फिरलेले इलेक्ट्रॉन काही मायक्रॉन लांबपर्यंत रेझिस्ट एक्स्पोज करतात, शेजारच्या रानात सोडलेलं पाणी आपल्या बांधातून झिरपतं तसं, म्हणून दाट भागाला डोस कमी लागतो.

डेव्हलपर (एक्स्पोज झालेला रेझिस्ट विरघळवणारं द्रावण) एमआयबीके (मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन)-आयपीए 1:3, एक मिनिट, मग आयपीएत अर्धा मिनिट, नायट्रोजननं वाळवा. डेव्हलपर गरम असेल तर जास्त खातो, तापमान दरवेळी सारखंच ठेवा.

लिफ्ट-ऑफ (वरून धातू बसवून रेझिस्टसकट नको तो धातू काढणं) करणार असाल तर धातू रेझिस्टच्या एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे इथं 60 नॅनोमीटर, आणि इव्हॅपोरेशननंच (धातूची वाफ करून), स्पटरिंगमध्ये (धातूचे अणू उडवून बसवणं) रेझिस्टच्या भिंतींवरही धातू बसतो मग निघता निघत नाही. अॅसिटोनमध्ये निवांत पडू द्या, अन् बाहेर काढताना सॅम्पल सुकू देऊ नका, सुटलेले तुकडे परत चिकटले की मग कशानं निघत नाहीत.