पहिला जॅझ-ब्लूज अल्बम: स्टुडिओ बुक करण्याआधीचं काम

माझ्या पहिल्या अल्बममध्ये आठ गाणी आहेत, सगळी मिळून 36 मिनिटांची. स्टुडिओत ती तीन दिवसांत झाली, पण त्याआधीचे सात महिने ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत गेले. अल्बम करायला निघालेल्या मुली मला आधी विचारतात, "ताई, माइक कुठला वापरलात?" मी त्यांच्यापुढे माझी वही ठेवते.

वहीत प्रत्येक गाण्याला एक पान. त्यावर पट्टी, लय, किती आवर्तनं, कोण कधी वाजवणार. स्टुडिओची वेळ ज्या सुमारास असेल त्याच वेळी घरी गाऊन पट्टी ठरवा. सकाळी दहाचा आवाज आणि रात्री नऊचा आवाज एक नसतो. मी पेटीच्या काळी चार पट्टीत रियाज करणारी. पण या गाण्यांत माझा आवाज बोलण्याच्या जवळ, खाली खुलतो, म्हणून बरीचशी गाणी काळी दोनवर आणली. सॅक्सोफोनवाल्यासाठी बाजूला 'ई फ्लॅट', म्हणजे काळी दोनचंच पाश्चात्त्य नाव, लिहून ठेवलं. त्या वाद्याला ही पट्टी सोयीची जाते.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, पण त्याचा ढाचा आपल्याला परका नाही. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन समजा. पहिले चार बार सा-च्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीवर), दोन म-वर, दोन पुन्हा सा-वर, मग एक प-वर, एक म-वर आणि शेवटचे दोन सा-वर. बोलांची पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीने उत्तर द्यायचं. माझी एक अशी आहे:

शेवटची गाडी गेली, फलाट सारा रिता
शेवटची गाडी गेली, फलाट सारा रिता
दिवे विझवा ना मास्तर, कुणाची वाट बघता?

ओळीला चार बार मिळतात, पण गायचं साधारण अडीच बारच. उरलेली जागा पियानोची किंवा सॅक्सोफोनची. तिथे तुम्ही गप्प राहायचं. मराठीत लिहिताना ओळीचा शेवट 'रिता'सारख्या लांबवता येणाऱ्या स्वरावर आणा. 'रिकामं' लिहून पाहिलं होतं, शेवट तितका खुला येईना.

सगळ्यात जास्त वेळ गंधाराला द्या. ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोन्हींच्या मधे हलता आहे. पेटीवर तो सापडणार नाही. तानपुरा लावा, शुद्ध ग धरा आणि कोमलाकडे सैल सोडा, पण कोमलावर पोचू नका. तिथेच थोडं थांबा. रोज वीस मिनिटं. मला हा स्वर बसायला तीन महिने लागले, आणि बसला तेव्हा शास्त्रीय गाण्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हीसुद्धा मी नव्याने ऐकू लागले.

आता स्टुडिओ. पहिल्या दिवशी मला वेगळ्या काचेच्या खोलीत उभं केलं. आवाज स्वच्छ आला, पण गाणं निर्जीव. मी श्वास घेतला की ड्रमर हातातले तारांचे ब्रश हलके करायचा, ते त्याला दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एकाच खोलीत, एकमेकांना दिसतील असे बसलो आणि तो अख्खा दिवस पुन्हा केला. माइकांत एकमेकांचा आवाज मिसळतो, मिसळू द्या. त्यासाठी ड्रम्सवर काठ्यांऐवजी ब्रश, गायिका ड्रम्सपासून लांब, आणि हेडफोन एका कानावर. माइक तोंडापासून वीतभर. वरचा जोरकस स्वर आला की अर्धं पाऊल मागे.

पियानो त्याच सकाळी लावून घ्या, पावसाळ्यात तर नक्कीच. दमट हवेत तो हलतो. टेक, म्हणजे गाण्याचं एक सलग रेकॉर्डिंग, चालू असताना एसी बंद. आमच्या एका चांगल्या टेकमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या, म्हणून दुपारी साडेबारा ते दीड जेवणाची सुट्टी ठेवली. गणपती-नवरात्रात तारखा घेऊच नका. एका गाण्याचे चारपेक्षा जास्त टेक झाले तर ते सोडा, दुसरं घ्या. सगळ्या फाइल 24 बिटच्या उंची दर्जात, त्याच संध्याकाळी दोन हार्डडिस्कवर.

कागदपत्रं कंटाळवाणी वाटतील, तरी हे ऐकाच. अमेरिकी गायिका-पियानोवादक निना सिमोनने 1957च्या अखेरीस पहिला अल्बम रेकॉर्ड केला; पियानो आणि गाणं तिचं, सोबत फक्त बास (खर्जातलं तंतुवाद्य) आणि ड्रम्स. 1959 साली तो बाजारात आला, त्यातलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या वीसांत गेलं. पण तिने हक्क 3,000 डॉलरला कायमचे विकून टाकले होते. माझी एक सही अशीच होता होता राहिली: एका वितरकाच्या करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द नवव्या पानावर होता. शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि साथीदारांचं मानधन, श्रेय आधीच लिहून घ्या. गाणी तुमची असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षर-अंकांचा स्वतंत्र आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, लागतो.

दुसऱ्याचं गाणं घेताना त्याच्या निर्मात्याच्या निधनाचं साल बघा. आपल्याकडे हक्क निधनानंतर साठ वर्षं राहतो. 'सेंट लुई ब्लूज'चे शब्द-संगीत अमेरिकी रचनाकार डब्ल्यू. सी. हँडी यांचं, ते 1958 साली गेले, म्हणून ते गाणं मला निर्धास्तपणे घेता आलं.

मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेलं अंतिम रूप, स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ऐकून होकार देऊ नका. मी ते फोनवर घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये बसले, साध्या इअरफोनवर. ऐरोलीपर्यंत 'रिता' स्पष्ट होतं, 'दिवे' मात्र बासखाली गेलं होतं. वाशीला उतरल्या उतरल्या इंजिनिअरला फोन केला आणि तेवढा एक शब्द वर आणून घेतला.