विटांच्या भिंतीवरची वेल काढताय? या चुका टाळा

नागपुरात कंपाउंडच्या भिंतीवर दिसते ती बहुधा फायकस पुमिला. थंड मुलखातली आयव्ही वेगळी, पण पकड तशीच: खोडालाच बारीक मुळं फुटतात, विटेला चिकटतात आणि सांधा भुसभुशीत असला की आत शिरतात.

सगळ्यात महागात पडते ती हिरवी वेल ओढण्याची घाई. वेलीबरोबर सांध्यातला मालही निघून येतो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतीला असा हिसका दिलात तर वीटच सैल होईल. आधी जमिनीलगत खोड कापा, वरचा वीतभर तुकडा काढून टाका आणि बाकीची वेल भिंतीवरच वाळू द्या. होळीच्या आधी कापली तर पुढचं काम आपलं ऊनच करतं. फांदी वाकवल्यावर कटकन मोडू लागली की वरून खाली, हळूहळू सोडवत या. सांध्यात घुसलेली जाड फांदी मात्र उपटू नका, भिंतीलगत छाटा.

महिना उलटला तरी वेल हिरवीच? मग तिने दुसरीकडे मूळ धरलंय. आधी कूलरखाली बघा. उन्हाळाभर पाणी ठिबकतं तिथे ती हमखास रुजते. तेही खोड कापा आणि गळती बंद करा. बुंध्याला कोंब येतच राहतात, म्हणून मूळ खणून काढा.

हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा हवाच. हिचा चीक कातडीला झोंबतो. वेलीत पक्ष्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

वेल निघाल्यावर केसांसारखी तपकिरी मुळं उरतात. त्यांच्यावर तारेचा ब्रश, ॲसिड किंवा प्रेशरचं पाणी चालवू नका. विटेचा भाजलेला कडक थर एकदा गेला की ती पाणी पिऊ लागते. नायलॉनचा ब्रश आणि थोडं पाणी पुरे. वाळलेली वेल जाळायचा विचारही नको.

शेवटी दर्जा भरणं, म्हणजे विटांमधले रिकामे सांधे पुन्हा भरणं. सांधा किल्लीने खरवडा. पांढरी, मऊ भुकटी निघाली तर चुना समजा आणि मिस्त्रीला चुन्यातच भरायला सांगा. सिमेंट विटेपेक्षा कडक, ओल बाहेर जाऊ देत नाही, मग विटांचेच पापुद्रे सुटतात. काम मृगाच्या आधी उरका, पण भर दुपारी नको; भरलेल्या सांध्यांवर ओलं तरट ठेवा.

वेलीआड पिंपळाचं रोप सापडलं तर नुसतं कापून भागत नाही, पुन्हा फुटतं. तिथल्या दोन-चार विटा काढून मूळच काढावं लागतं, आणि ते काम मिस्त्रीचंच.