नव्या मदतनिसाला कामासाठी तयार कसं करावं?

अपंग व्यक्तींना सेवा देणाऱ्या कित्येक संस्थांत प्रशिक्षण म्हणजे पहिल्या दिवशी चार तास भाषण, हातात एक पुस्तिका आणि दुसऱ्या दिवसापासून थेट काम. असा मदतनीस काम उरकायला लवकर शिकतो, पण अडचण आली की ती लपवायलाही शिकतो. हे काम हातानं करून आणि चुकलं तिथे लगेच दुरुस्त होऊनच अंगवळणी पडतं. म्हणून प्रत्येक कौशल्याचे चार टप्पे ठेवा: आधी अनुभवी माणसानं करून दाखवायचं, मग नव्यानं सहकाऱ्यावर करून पाहायचं, नंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष व्यक्तीसोबत आणि शेवटी एकट्यानं, पण कुणीतरी पाहत असताना. चौथा टप्पा पार झाल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची सही नोंदवहीत हवीच.

सहकाऱ्यावर सराव करताना नव्या माणसाला स्वतःलाही उचलून घेऊ द्या, भरवून घेऊ द्या. न सांगता कुणी आपली खुर्ची ढकलली की कसं वाटतं, हे त्याला तिथेच कळतं.

शिकवणाऱ्यांत अपंग व्यक्ती असल्याच पाहिजेत, आणि त्यांच्या वेळेचं मानधनही दिलं पाहिजे. कोणत्या पायावर भार येतो, कोणता हात ताठ होतो, अंगाला झटका कधी येतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणीच सांगू शकत नाही. मदतनिसानं नातेवाइकांशी न बोलता थेट त्या व्यक्तीशी बोलावं, आणि हात लावण्याआधी काय करणार ते सांगून होकार घ्यावा. बोलता न येणाऱ्या व्यक्तीचे ‘हो’ आणि ‘नाही’ डोळ्यांचे, मानेचे की चित्रफलकावरचे, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पलंगावरून व्हीलचेअरवर

सर्वाधिक वेळ यालाच द्या, कारण मदतनिसाची पाठ आणि त्या व्यक्तीचा खांदा, दोन्ही इथेच दुखावतात. इथे दिलेली पद्धत निदान एका पायावर भार घेऊ शकणाऱ्या व्यक्तीसाठी आहे.

खुर्ची व्यक्तीच्या सबळ बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांचा कोन करून लावा. दोन्ही ब्रेक लावा आणि खुर्ची हलवून खात्री करा. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर दांडा पूर्ण खाली असूनही चाक फिरतं, आणि ऐन बसताना खुर्ची मागे सरकते. त्यामुळे आठवड्याला हवा तपासणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

फूटरेस्ट बाजूला करा, पलंगाकडचा आर्मरेस्ट निघत असेल तर काढा, आणि लघवीची पिशवी आधी खुर्चीकडे न्या, नाहीतर नळी ताणली जाते. व्यक्तीला पलंगाच्या कडेला आणा. तिचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले असावेत. कमरेला ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे मदतनिसाला धरता येईल असा रुंद पट्टा, बांधा. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ. एक-दोन-तीन मोजा, तिला पुढे झुकू द्या, मग उभं राहणं, पावलं टाकत वळणं आणि बसणं. नवी माणसं हमखास पुढे झुकवायचं विसरतात. भार पायांवर आलाच नाही, तर सगळं वजन मदतनिसाच्या कमरेवर येतं. वळतानाही कमरेतून पिळू नका, पाय हलवा.

काखेत हात घालून ओढायला सक्त मनाई असावी. पक्षाघातानंतर सैल पडलेला खांदा अशा ओढण्यानं निखळू शकतो. पायांवर अजिबात भार येत नसेल तर स्लाइडिंग बोर्ड (ज्यावरून घसरत खुर्चीत जाता येतं अशी गुळगुळीत फळी) किंवा हॉइस्ट (झोळीत बसवून उचलणारं यंत्र) वापरा. ‘हलकीच आहे’ म्हणून कुणालाही एकट्यानं उचलू नका.

त्वचा

बसवून झालं की काम संपलं, असं नाही. ज्यांना बसल्या जागी संवेदना नाही, त्यांना दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकवून दाब हलका करावा लागतो. माकडहाड, नितंबांची हाडं आणि टाचा रोज पाहा. लालसर जागेवर बोट दाबून सोडा. ती पांढरी पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे सततच्या दाबानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. तिथला दाब पूर्ण काढा आणि त्याच दिवशी नर्सला दाखवा. गडद त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीनं आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतं का ते पाहायला शिकवा. लाल जागा चोळायची नाही.

तीन प्रसंग, जे तोंडपाठ हवेत

फिट आली की वेळ पाहा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काहीही घालू नका, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

भरवताना व्यक्ती ताठ बसलेली, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, आणि आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. ठसका किंवा घोगरा, ओलसर आवाज आला की थांबा. नंतर निदान ३० मिनिटं बसूनच राहू द्या.

तिसरा प्रसंग फारसा शिकवला जात नाही, आणि त्यात जीव जाऊ शकतो. मज्जारज्जूची इजा टी-६ (छातीमागच्या कण्याचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर असलेल्या व्यक्तीचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्यानं चढत असू शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी आडवं करावंसं वाटतं, पण त्यानं दाब आणखी वाढतो. ताठ बसवा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा आणि कॅथेटरची (लघवी बाहेर नेणारी) नळी दुमडली आहे का ते पाहा. तुंबलेलं मूत्राशय हे याचं सर्वांत नेहमीचं कारण. लगेच वैद्यकीय मदत बोलवा.

साहित्य आणि पाठबळ

जागतिक आरोग्य संघटनेचं ‘टॅप’ हे सहायक साधनांवरचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. हक्कांच्या बाजूसाठी त्याच संघटनेचं ‘क्वालिटीराइट्स’ घ्या. खुर्ची हाताळण्यासाठी कॅनडातल्या डलहौजी विद्यापीठाचा ‘व्हीलचेअर स्किल्स प्रोग्राम’ चांगला आहे, त्यात चाचण्याही मोफत मिळतात. मात्र व्हिडिओ पाहून झाला म्हणजे कौशल्य आलं, असं धरू नका.

पहिले तीन महिने दर आठवड्याला अर्धा तास वरिष्ठासोबत बसणं ठरवून टाका. तिथे ‘या आठवड्यात काय जमलं नाही?’ हा प्रश्न आधी यावा. पडणं, ठसका लागणं, थोडक्यात टळलेला अपघात, सगळं त्याच दिवशी लिहायला लावा, आणि लिहिल्याबद्दल कुणालाही शिक्षा करू नका. एकाला झाली की बाकीचे लिहिणं थांबवतात. तीन महिन्यांनी चौथा टप्पा पुन्हा पाहा, त्यानंतर वर्षातून एकदा. दरम्यान खुर्ची, औषध किंवा प्रकृती बदलली, तर त्या व्यक्तीपुरतं पहिल्या टप्प्यापासून शिकवा.