मुंबईत भाड्याने घर घेताना या चुका टाळा

टोकन देऊन झाल्यावर मला फोन येतो, "एरिया कसा आहे हो?" हा प्रश्न पैसे द्यायच्या आधी विचारायचा असतो. नंतर विचारला तर उत्तर माहीत असूनही मी काही करू शकत नाही. नात्यातली, ऑफिसातली, गावाकडून नोकरीसाठी आलेली मुलंमुली घर शोधतात तेव्हा मी बरोबर जातो, आणि दरवर्षी त्याच चुका बघतो. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. लोक घर बघतात, घराभोवतीचं काही बघत नाहीत. ओटा छान, बाल्कनी छान, हवा खेळती, झालं, घर पसंत. त्या घरातून रोज सकाळी बाहेर कसं पडायचं आणि ते घर नेमकं कोणाच्या नावावर आहे, हे दोन प्रश्न राहूनच जातात.

नकाशावरचं अंतर बघून एरिया ठरवणं

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. नकाशावर बोरिवली आणि ठाणे अगदी शेजारी दिसतात. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर उभे आहेत आणि त्यांना वळसा घालून घोडबंदर रोडने जावं लागतं. डोंगराखालून बोगद्याचं काम चालू आहे, पण तुम्हाला ऑफिसला उद्या जायचंय. पवईच्या टॉवरवर नव्या मुलांचा फार जीव असतो. पवईला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही, लोकलसाठी कांजूरमार्ग नाही तर विक्रोळी गाठावं लागतं, हे घर घेतल्यावर कळतं.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऑफिस, मग रेल्वेची लाइन, मग स्टेशन, मग स्टेशनची पूर्व-पश्चिम बाजू, मग इमारत आणि सगळ्यात शेवटी घर. पश्चिम, मध्य आणि हार्बर यांपैकी ज्या लाइनवर ऑफिस, शक्यतो त्याच लाइनवर घर घ्यावं. दादरला उतरून लाइन बदलणं सांगायला सोपं आहे. सकाळी नऊला दादरच्या पुलावर एकदा उभं राहून बघा, मग ठरवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी तुमच्या स्टेशनात येते तेव्हा ती किती भरून आलेली असते. दिवा, मुंब्रा, कळवा इथे भाडं कमी म्हणून लोक धावतात. पण सकाळची लोकल कल्याण-डोंबिवलीपलीकडूनच खचाखच भरून येते आणि दिव्याला दारातला दांडा हाताला लागणंही मुश्कील होतं. याउलट ठाण्याहून किंवा डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल असतात. तिथे भाडं थोडं जास्त पडेल, पण बसून जाता येतं. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीहून, अंधेरीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला म्हणून चढलात, तर दारातली रोजची मंडळी तुम्हाला आतच शिरू देणार नाहीत. हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. प्लॅटफॉर्मवरच्या कोणत्याही पासधारकाला विचारा, तो दोन मिनिटांत सगळं सांगतो.

आमच्या ऑफिसातल्या सांगलीच्या एका मुलाने घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर घर घेतलं. खाली पोहण्याचा तलाव, जिम, समोर डोंगर. ब्रोकरने रविवारी दुपारी स्वतःच्या गाडीतून नेऊन दाखवलं होतं. ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. सोमवारपासून त्याचा दिवस सुरू झाला तो असा: बसने ठाणे स्टेशन, तिथून लोकलने कुर्ला, कुर्ल्याच्या पुलावरून पश्चिमेला बाहेर आणि बाहेर शेअर रिक्षाची रांग. पावसात ती रांग कुठवर जाते ते कुर्लेकरांना माहीत आहे. दोनच महिन्यांत तो चेंबूर-सायनकडे घर शोधू लागला, पण करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे तेवढ्या काळात घर सोडता येत नव्हतं. चार महिने त्याने दोन घरांचा हिशेब मांडत काढले. घर वाईट नव्हतंच. त्याचं ऑफिस ठाण्यात असतं तर त्या घराचं मी कौतुकच केलं असतं.

म्हणून एक गोष्ट मी हट्टाने करायला लावतो. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी, सकाळी साडेआठला, त्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या दारापर्यंत जायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यायचं. पुढे अकरा महिने जे करायचंय ते एक दिवस करून बघायला काय हरकत आहे? "एवढा वेळ कुठे आहे" म्हणणाऱ्यांबरोबर मी आता घर बघायला जात नाही.

"स्टेशनपासून पाच मिनिटं" हे ब्रोकरचं वाक्य स्वतः चालून तपासा. कुठल्या पुलापासून पाच मिनिटं, रिक्षाने की पायी, हे विचारा. आणि "मेट्रो येतेय" म्हणून जास्त भाडं देऊ नका. जी मेट्रो आज धावतेय तिचा विचार जरूर करा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर २०१४ पासून आहे, आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. ज्या लाइनचे अजून नुसते खांब उभे आहेत, त्यांच्या खालच्या खोदलेल्या रस्त्यासाठी जादा भाडं कशाला द्यायचं?

मे महिन्यात बघून पावसाळ्यात राहायला जाणं

उन्हाळ्यात रंग दिलेलं घर सगळ्यांनाच आवडतं. ताजा रंग दिसला की मी आधी कपाटाच्या मागे, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आणि खिडकीखाली हात फिरवतो. भिंत गार लागली, रंगाला फुगवटा जाणवला, की ओल आहे. शेवटचा मजला असेल तर गच्ची गळते का, हे घरमालकाला न विचारता खालच्या मजल्यावर विचारा.

रस्त्याचंही तसंच. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी साचण्यासाठी वर्षानुवर्षं नाव असलेली ठिकाणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीकाठची कुर्ला-कलिन्याची वस्ती पाण्याखाली गेली. त्या भागात कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. मी वाण्याच्या दुकानाचा उंबरठा बघतो. आख्ख्या गल्लीतल्या दुकानांना दोन-दोन फुटांचे कट्टे बांधलेले असतील, तर ते हौसेने बांधलेले नाहीत. तळमजल्याचं घर तिथे घेऊ नका.

पिण्याचं पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे घरमालक सांगेल त्यावर जाऊ नका. वॉचमन आणि त्या इमारतीत काम करणाऱ्या मावशी खरं सांगतात. टँकर येत असेल तर त्याचा खर्च कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या.

हेवी डिपॉझिटच्या मोहात पडणं

ही चूक माझ्या मते सगळ्यात महाग पडते, आणि ती नवखेच नाही तर मुंबईत वाढलेले लोकही करतात. हेवी डिपॉझिट म्हणजे एकरकमी दहा-पंधरा लाख मालकाला द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा काहीच नाही. घर सोडताना पूर्ण रक्कम परत. ऐकायला फुकट राहिल्यासारखं वाटतं. मी मात्र आधी विचारतो, या माणसाला एवढ्या रकमेची आत्ता गरज का आहे?

माझ्या मावसभावाने मीरा रोडला असं घर घेतलं. बारा लाख डिपॉझिट, भाडं नाही. करारात डिपॉझिट लिहिलं फक्त एक लाख, बाकीचे अकरा रोख. कारण काय, तर "स्टँप ड्युटी वाचेल". भाऊ बँकेचं पासबुक जपून ठेवणारा, पै-पैचा हिशेब लिहिणारा माणूस, पण ब्रोकर घाई करत होता, दुसरी पार्टी येतेय म्हणत होता. भावाने गावची जमीन विकून आलेले पैसे त्यात घातले.

सात-आठ महिन्यांनी एका सकाळी दारावर कागद चिकटवलेला दिसला. बँकेची जप्तीची नोटीस. मालकाने घर गहाण ठेवून कर्ज घेतलेलं होतं आणि हप्ते कधीच थकले होते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक असं घर ताब्यात घेऊ शकते, आणि गहाण झाल्यावर बँकेला न विचारता केलेला भाडेकरार बँक मानत नाही. मालकाचा फोन बंद. ब्रोकर म्हणाला, मी फक्त गाठ घालून दिली. वहिनी दारात उभी राहून त्या कागदातली मालकाच्या नावाची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती, मुलाची शाळेची बस खाली हॉर्न वाजवत होती. महिनाभरात त्यांना दुसरीकडे जावं लागलं. एक लाखाचा पुरावा हातात आहे. अकरा लाखांसाठी पोलीस ठाणं आणि वकील यांच्या फेऱ्या अजून चालू आहेत.

आता वाचवलं किती ते बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे नेहमीच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. अकरा लाखांचं वर्षाचं व्याज एक लाख दहा हजार, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २७५ रुपये. अकरा लाखांची लेखी नोंद २७५ रुपयांसाठी सोडून दिली. हा हिशेब मी भेटेल त्याला करून दाखवतो.

डिपॉझिट हलकं असो की भारी, मी पैसे देण्याआधी चार गोष्टी बघतोच. मालकाचा इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, अलीकडचं लाइट बिल आणि मालकाचं आधार, चारही कागदांवर नाव तेच हवं. नंतर सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून सरळ विचारायचं, "या फ्लॅटवर बँकेचा बोजा आहे का? मेंटेनन्स थकलाय का?" मोठी रक्कम असेल तर केंद्र सरकारच्या सेरसाई या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून मालमत्ता गहाण आहे का ते शोधता येतं. गृहकर्ज असणं म्हणजे मालक वाईट, असं नाही. अर्ध्या मुंबईची घरं कर्जावर आहेत. पण मग डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढंच ठेवा आणि ते बँकेतूनच द्या.

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत घर पागडीचं असू शकतं. तिथे तुम्हाला घर देणारा माणूस स्वतःच भाडेकरू असतो. मूळ मालकाची लेखी संमती नसेल तर त्या घरात पाऊल टाकू नका.

"करार अकराच महिन्यांचा आहे, नोटरी करून टाकू"

नाही. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत इतर राज्यांतून इथे आली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणीचं काम आता घरबसल्या होतं. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. ३० हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क नऊशेच्या आत येतं. एवढ्यासाठी शॉर्टकट घेणाऱ्या माणसाशी मी पुढचा व्यवहारच करायला देत नाही.

करार अंगठा लावण्याच्या आदल्या दिवशी मागवून घ्या आणि घरी बसून वाचा. लॉक-इन दोघांनाही लागू आहे का, नोटीस किती दिवसांची, भाडेवाढ किती टक्के, एवढं तरी शोधा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क) मालकाने भरायचे असतात आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. हे वाक्य करारात घाला, म्हणजे नंतर तुमच्याकडे मागणी होणार नाही.

बाकीच्या लहान, पण रोजच्या

घर न बघता नुसत्या व्हिडिओवर यूपीआयने टोकन पाठवणं. हे अजूनही चालतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोसायटीचे नियम सामान आल्यावर विचारणं. अविवाहित मुलं, मांसाहार, पाळीव कुत्रा यांवरून गेटवर टेम्पो अडवलेला मी पाहिला आहे. असे नियम मला पटत नाहीत, पण भांडण टेम्पो भरायच्या आधी झालेलं बरं.

ब्रोकरेज करार नोंदवण्याआधी देणं. एक महिन्याचं भाडं हा रिवाज आहे, तो नोंदणीची पावती हातात आल्यावर द्या. नूतनीकरणाला पुन्हा पूर्ण ब्रोकरेज मागितलं तर स्पष्ट नाही म्हणा.

"साडेसहाशे फूट" ऐकून गप्प बसणं. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती ते विचारा, टेप घेऊन जा, फ्रिजची जागा आणि लिफ्टचं दार मोजा.

भाडेकरूची पोलिसांकडची नोंद मालकावर सोडून विसरून जाणं. ती ऑनलाइन होते, पोच मागून घ्या.

राहायला जायच्या दिवशी रिकाम्या घराचं चित्रीकरण न करणं. प्रत्येक नळ, पंखा, खिडकीची काच आणि मीटरचं रीडिंग टिपा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापणार का, कापणार तर किती, हा आकडा करारात लिहून घ्या. घर सोडताना मालक म्हणतो, "चावी ठेवून जा, पैसे पुढच्या आठवड्यात टाकतो." तसं करू नका. मालकाला घर दाखवा, मीटर दाखवा, पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज येऊ द्या आणि मगच चावी त्याच्या हातात द्या.