टर्बो स्लेडला बेल्ट निवडताना काय बघायचं

इकडे मिनेसोटात सीझन सुरू झाला की एक तक्रार हमखास ऐकू येते, नवीन टर्बो स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी गाडी, इकडे तिला स्लेड म्हणतात) घेतली पण बेल्टच टिकत नाही. मग माणूस दुकानात जातो आणि सगळ्यात महागडा बेल्ट उचलून आणतो आणि तोही तुटतो. मला विचाराल तर बेल्ट घ्यायच्या आधी जुना का मेला ते शोधा, नाहीतर पैसे वाया.

आपल्या अ‍ॅक्टिव्हात असतो तोच सीव्हीटीचा, म्हणजे गिअर न बदलता चालणारा, प्रकार इथे आहे, इंजिनवर प्रायमरी क्लच, मागे सेकंडरी आणि मधे व्ही बेल्ट. पण अ‍ॅक्टिव्हाचे सात-आठ एचपी कुठे आणि स्की-डूच्या टर्बो आरचे 180 कुठे, यामाहाची साईडवाईंडर तर 200 च्या घरात जाते, आणि ती सगळी ताकद रबराच्या जेमतेम दीड इंच पट्ट्यातून जाते. बेल्ट जरा जरी घसरला की उष्णता तयार होते आणि बेल्ट बहुतेक वेळा या उष्णतेनेच मरतो.

म्हणून तुटलेला बेल्ट लगेच फेकू नका, उजेडात नीट बघा. कडेने दोरे सुटून लोंबतायत म्हणजे दोन क्लच एका रेषेत नाहीत, अलाईनमेंट किंवा इंजिनचे माऊंट बघायला लागतील. एकाच जागी बेल्ट बारीक झालाय, कंबर आवळल्यासारखा, तर ट्रॅक (स्लेड ज्यावर चालते तो खालचा रुंद पट्टा) बर्फाने गोठलेला असताना कुणीतरी थ्रॉटल दिलाय, बेल्ट जागच्या जागी आणि प्रायमरी त्याला घासत फिरत राहिला. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत म्हणजे स्लिप, तिथे क्लचमधल्या स्प्रिंग, वेट्स, हेलिक्स या भागांचं सेटिंग तपासा, ट्यून करून टर्बोचा दाब (बूस्ट) वाढवलाय आणि क्लचिंग जुनंच ठेवलंय असं असेल तर कुठलाही बेल्ट लावा, हेच होणार.

आता खरेदी. पहिली गोष्ट पार्ट नंबर, तो मॅन्युअलमधून मॉडेल आणि वर्षासकट बघायचा, डोळ्याने जुळवायचा नाही. तेच इंजिन असलं तरी वर्षागणिक क्लच बदलतात आणि लांबी, वरची रुंदी, बाजूचा कोन यातलं काहीही थोडं चुकलं तरी गडबड होते. बेल्ट टाईट बसला तर आयडलवरच स्लेड पुढे सरकायला लागते, सैल बसला तर सुटताना अडखळते.

दुसरं म्हणजे आतला दोरा. पॉलिएस्टर जास्त ताकदीला ताणला जातो, त्यामुळे या मशीनला नकोच. अल्टिमॅक्स एक्सएस केव्हलरच्या जातीच्या अ‍ॅरॅमिडवर आहे, गेट्सचा सी12 कार्बनवर, दोन्ही ताकदवान मशीनसाठीच बनवलेले. मग रबर किती कडक ते बघायचं, कडक कंपाऊंड झिजतं कमी पण सुटताना पकड जरा कमी देतं, मऊ पकडतं छान पण लवकर झिजतं आणि क्लचवर काळा थर सोडतं. गोठलेल्या तलावावर लांब फुल थ्रॉटल मारणाऱ्याला कडक चालतो, पण कॅनडातल्या रेव्हलस्टोकसारख्या ठिकाणी खोल, भुसभुशीत बर्फात डोंगर चढायचा असेल, जिथे स्पीड कमी आणि लोड प्रचंड, तिथे पकड आधी बघा.

माझं मत स्पष्ट आहे, टर्बो मशीन स्टॉक असेल तर पहिला बेल्ट कंपनीचाच लावा, महाग पडला तरी, कारण फॅक्टरीने क्लचचं सेटिंग त्याच बेल्टवर बसवलेलं असतं. दुसऱ्या ब्रँडचा घेतलात तर डिफ्लेक्शन (बेल्ट दाबल्यावर किती लवतो ते) परत सेट करा, बरेच जण हे करत नाहीत आणि मग ब्रँडला शिव्या घालतात.

लावण्याआधी नवीन बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवायचा, साच्यातून येणारा चिकटपणा त्याने जातो. क्लचचे चारही चेहरे (बेल्ट टेकतो ते पृष्ठभाग) स्कॉच-ब्राईटने हलके घासायचे आणि आयसोप्रोपाईल अल्कोहोलने पुसायचे, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, मग पुन्हा तिथे उघडा हात नको, हाताचं तेल लागतं. बाणाची दिशा बघून घाला. पहिले 50 किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नका आणि एकाच स्पीडवर पण चालवत राहू नका, कमी-जास्त करत रहा. हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो पण बेल्टचं आयुष्य इथेच ठरतं.

कडाक्याच्या थंडीत इंजिन गरम झाल्यावरसुद्धा मागची बाजू उचलून ट्रॅक मोकळा करून घ्या, मगच निघा. बेल्टचं तापमान दाखवणारे इन्फ्रारेड गेज मिळतात, टर्बोवाल्यांनी बसवाच, 95 डिग्री सेल्सियसच्या वर काटा जायला लागला तर थांबून थंड होऊ द्या.

स्पेअर बेल्ट जवळ ठेवायचाच, पण कोरा नको. नवीन बेल्ट आधी गाडीवर वर सांगितल्यासारखा हळूहळू चालवून (ब्रेक-इन करून) मग तो स्पेअरमधे टाका, म्हणजे जंगलात बदलायची वेळ आली तरी तसाच हाणता येईल. आणि ठेवताना घट्ट दुमडून सीटखाली कोंबू नका, आतला दोरा तिथेच मोडतो.